चेहरा सापडला, पुढे काय?

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ सुरू होतो तेव्हा पांढऱ्या दाढीचा एक शाहीर लहान मुलांची शिकवणी घेत असतो. शिकवणी आटोपून तो बस धरतो, कार्यक्रमाच्या ठिकाणी उतरतो आणि मंचावर चढून गाऊ लागतो. यात अभिनय कुठे शोधूनही सापडत नाही. हा नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार नागपूरचे. पेशाने नट नव्हतेच. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. 2014 साली हा सिनेमा व्हेनिसला दोन पुरस्कार मिळवून आला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला, भारतातर्फे ऑस्करलाही गेला. नागपूरच्या एका कार्यकर्त्याचा चेहरा जगाने पाहिला तो असा!

असा चेहरा हुडकून काढणारा असतो कास्टिंग डायरेक्टर. त्याचं काम सिनेमासाठी, पैसे देणार निर्माता. एजंट मात्र कलावंताचा माणूस. भूमिका मिळवायची, मानधन ठरवायचं, करारातली बारीक अक्षरं वाचायची, तारखा सांभाळायच्या, आणि कधी कधी चक्क ‘हा सिनेमा करू नकोस’ म्हणायचं. अमेरिकेत त्याचा वाटा साधारण 10 टक्के, तोही कलावंताने कमावलं तरच.

या धंद्याची ताकद पाहायची तर 1950चा ‘विंचेस्टर 73’ आठवावा. जेम्स स्ट्युअर्टचं मानधन युनिव्हर्सलला परवडेना. त्याचा एजंट ल्यू वॉसरमन म्हणाला, मानधन राहू द्या, नफ्यात वाटा द्या. सिनेमा चालला आणि स्ट्युअर्टला मानधनापेक्षा कितीतरी जास्त मिळालं. हॉलिवूडमध्ये बड्या नटांनी नफ्यात भागीदार होण्याची वाट त्या करारानंतर रुंद झाली. एका टेबलावरच्या बोलण्यातून एवढं घडू शकतं, हे मला आजही थक्क करतं.

आता हाच हिशेब स्वतंत्र सिनेमाला लावून बघा. समजा, नव्या पोराला 50 हजार मिळाले, तर एजंटचे झाले 5 हजार. आणि त्यासाठी कित्येक महिने फोन, भेटी, हेलपाटे. हा धंदा मुंबईबाहेर का रुजत नाही, हे एवढ्यावरून कळतं. जो टिकतो तो आजच्या मानधनाकडे बघत नाही, कलावंताच्या पाचव्या सिनेमाकडे बघतो.

नागपुरात तर ही उणीव ठळक दिसते. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चनसमोर उभी राहिली ती इथल्या वस्त्यांतली पोरं. मूळ प्रेरणाही इथलीच: विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना घेऊन उभं केलेलं ‘स्लम सॉकर’. सिनेमा 4 मार्च 2022 ला आला आणि अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पोरांना शोधणारी नजर थोरच. पण शूटिंग संपल्यावर पुढच्या ऑडिशनची खबर कोण देणार? मुंबईला उतरायचं कुठे, सही करण्याआधी कागद कुणाला दाखवायचा? शोधणं एक कसब, सांभाळणं वेगळं. आणि सांभाळण्याच्या कसबाला आपण फार कमी लेखतो.

गंमत अशी, की कलावंताच्या कामाचा बाजार मांडणं विदर्भाला नवं नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. दिवाळीनंतर तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं गजबजतात, मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींसाठी गावोगावची माणसं नाटक बुक करायला येतात, कलावंतांना नाईटप्रमाणे पैसे मिळतात. परशुराम खुणे या मातीतल्या रंगभूमीवर हजारो प्रयोग करत राहिले. 2023 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वडशाच्या या कार्यालयांना कुणी एजन्सी म्हणत नसेल, पण कलावंत आणि काम यांची गाठ तिथे दर हंगामाला बांधली जाते.

सिनेमासाठी अशी एखादी जागा नागपुरात कुणी उघडली, तर पहिल्या वहीतली नावं ‘झुंड’च्या श्रेयनामावलीतच सापडतील.