विवाहानंतरची शारदा

सांगलीजवळील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांची ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आली. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाणारी शारदा ऐन वेळी वाचली, कारण वधूवर सगोत्र निघाले. परंतु विवाह होऊनच गेला असता तर? सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे कादंबरीकार नारायण हरि आपटे यांनी ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीत हाच प्रश्न हाती घेतला, आणि १९३७ साली प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी तिजवरून ‘कुंकू’ हा बोलपट काढला.

ज्यांनी वाढविले तेच नीरेला फसवून वृद्ध, विधुर वकील काकासाहेबांना देतात. नीरा त्या घरात राहते, परंतु पत्नीपण साफ नाकारते. शांता आपटे यांची ही नीरा अश्रू ढाळून दया मागणारी नव्हे. केशवराव दात्यांचे काकासाहेबही खलपुरुष नव्हेत, आणि म्हणूनच ते प्रेक्षकाला अधिक अस्वस्थ करतात. भिंतीवरील जुने घड्याळ त्यांच्या वयाची आठवण क्षणोक्षणी देत राहते. पार्श्वसंगीत मुद्दाम वगळल्यामुळे घरातला प्रत्येक आवाज कानावर आदळतो.

अखेर काकासाहेब आत्मघात करून नीरेला मोकळी करतात. हा शेवट आम्हांस पूर्णपणे रुचत नाही, कारण जी स्वतःच्या बळावर झगडली तिची सुटका पुन्हा पुरुषाच्याच कृपेने व्हावी, हे तिच्या तेजास शोभत नाही. तथापि दोष केवळ कथेचा नव्हे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ साली. त्यापूर्वी नीरेसारखीला मरणावाचून दुसरे दार नव्हते. स्वीडनचे व्हिक्टर स्योस्ट्रोम यांच्या ‘इंगेबोर्ग होल्म’ या १९१३ च्या मूकपटातही असेच आहे: गरीबखान्याच्या नियमांपायी विधवेची मुले परक्या घरी जातात, आणि राग कोणा एका माणसावर काढता येत नाही.

आमच्या मते ‘कुंकू’तील सर्वांत धीट पात्र काकासाहेबांची मुलगी होय. ही भूमिका रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनी केली. पोटची मुलगी असूनही ती बापाची बाजू घेत नाही, नीरेच्या मागे उभी राहते. भरल्या घरात हे किती कठीण, ते आमच्या वाचकभगिनींस निराळे सांगावयास नको.