कार्यालयीन सुधारणांचे यशापयश : मोजमापाचा प्रश्न

नवी दिल्लीतील केंद्रीय मंत्रालयांच्या कामकाजात गेल्या तीन दशकांत अनेक सुधारणा झाल्या. १९९७ मध्ये नागरिकांची सनद आली, पुढे 'सेवोत्तम', ई-ऑफिस आणि बायोमेट्रिक हजेरी आली. सुधारणा लागू झाली की नाही, हे परिपत्रकावरून कळते. ती यशस्वी ठरली की नाही, हे ठरवणे मात्र बरेच अवघड असते. कारण निविष्टी, प्रत्यक्ष झालेले काम आणि फलनिष्पत्ती या तीन वेगळ्या पायऱ्या असून आकडेवारी बहुधा दुसऱ्या पायरीवरच थांबते.

या दिशेने सर्वांत पद्धतशीर प्रयत्न २००९ मध्ये झाला. मंत्रिमंडळ सचिवालयाच्या देखरेखीखाली प्रत्येक विभागाने 'आरएफडी' म्हणजे निष्पत्ती आराखडा दस्तऐवज तयार करावा, असे ठरले. त्यावर मंत्री आणि सचिव स्वाक्षऱ्या करीत. प्रत्येक निर्देशकाला भारांक असे आणि भारांकांची बेरीज १०० होई. उद्दिष्टांच्या १००, ९०, ८०, ७० व ६० टक्के अशा पाच श्रेणी होत्या. रचना उत्तम होती. परंतु उद्दिष्टे प्रथम विभागच सुचवीत असे. तज्ज्ञांचे कार्यदल मसुदा तपासत असले तरी, ज्याचे मूल्यमापन व्हायचे त्यानेच प्रश्नपत्रिका सुचवायची, हा दोष मूळचाच होता. २०१४ नंतर ही पद्धत मागे पडली.

त्याच वर्षी दिल्लीतील केंद्रीय कार्यालयांत आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी सुरू झाली. कर्मचारी किती वाजता आला, हे तिच्यामुळे निश्चित कळते. त्याने नस्ती पुढे सरकवली का, हे कळत नाही. शिवाय हजेरीचा आकडाही फसवू शकतो. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकांच्या हजेरीवर वेळ नोंदवणाऱ्या यंत्राने लक्ष ठेवण्याचा प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. आरंभी हजेरी लक्षणीय वाढली. सुमारे सोळा महिन्यांनी देखरेखीखालील आणि इतर केंद्रांतील फरक जवळजवळ नाहीसा झाला. गैरहजेरीची जागा 'सूट दिलेल्या दिवसां'नी घेतली होती. तुलनेसाठी इतर केंद्रे होती आणि निरीक्षण दीर्घकाळ चालले, म्हणूनच हे उघड झाले. पहिल्या तीन महिन्यांवरून अहवाल लिहिला असता, तर तो यशाचा अहवाल ठरला असता!

तक्रार निवारणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'सीपीग्राम्स' या केंद्रीय संगणकीय व्यवस्थेत तक्रार निकाली काढण्याची मुदत पूर्वी ६० दिवसांची होती. ती २०२० मध्ये ४५, २०२१ मध्ये ३० आणि ऑगस्ट २०२४ मध्ये २१ दिवसांवर आणण्यात आली. मुदत घटणे ही प्रगती आहेच; पण सरासरीकडे सावधपणे पाहिले पाहिजे. समजा, १०० तक्रारींपैकी ९० सोप्या तक्रारी दहा दिवसांत मिटल्या आणि उरलेल्या दहा वर्षभर पडून आहेत. केवळ मिटलेल्या तक्रारींची सरासरी काढली, तर ती दहा दिवसच येते. निवृत्तिवेतन अडकलेली वृद्धा त्या उरलेल्या दहांत असेल, तर सरासरीत तिचा मागमूसही लागत नाही. यासाठी प्रलंबित तक्रारींचे वय स्वतंत्रपणे पाहावे लागते.

दुसरा प्रश्न 'निकाली' या शब्दाचा. 'संबंधित विभागाकडे पाठविले' एवढ्या उत्तरावर तक्रार बंद झाली, तर संगणकाच्या लेखी काम पूर्ण होते. या दृष्टीने २०२१ मध्ये मिळालेली अपिलाची सोय आणि २०२२ मध्ये सुरू झालेले अभिप्राय केंद्र महत्त्वाचे आहे. तेथे तक्रारदाराला दूरध्वनीवरून थेट विचारले जाते. उत्तर देणारा आणि गुण देणारा येथे वेगळे झाले. 'आरएफडी'त नेमके हेच साधले नव्हते.

तरीही तक्रारींची संख्या हे यशाचे सरळ माप नव्हे. ती घटली, तर सेवा सुधारली असेल किंवा लोकांचा विश्वास उडाला असेल. तक्रार नोंदवणे सुलभ झाल्यानंतर ती वाढणे हे पूर्वी दबलेली गाऱ्हाणी वर आल्याचेही लक्षण असू शकते. यांपैकी काय घडले, हे कधीच तक्रार न केलेल्या नागरिकांचे सर्वेक्षण केल्यावाचून सांगता येत नाही. आणि सुधारणेपूर्वीची स्थिती नोंदलेली नसेल, तर त्या सर्वेक्षणालाही तुलनेचा आधार उरत नाही.