मुकादमाचे शिक्षण

'मुकादम' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ पुढे केलेला माणूस. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, ती याच माणसाच्या शब्दावर. उचल तोच देतो, टोळी तोच बांधतो आणि हंगामभर फडावर मायबापही तोच. त्याला हिशेब येतो. माणसे कशी सांभाळावीत हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नाही.

ते का शिकवावे? २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत, जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. त्यांत खाड्याचे भय हेही एक. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण बसला की कोयत्याचा खाडा, आणि खाड्याला दंड. मग पोटात कळ आली तरी बाई बोलत नाही. अंगावर काढलेले दुखणे शरीर पोखरते, तसे मनही. झोप उडते, काळजी लागते.

यावर मुकादम म्हणेल, माणसाला बोलू दिले तर काम बुडेल. अमेरिकेतील संशोधिका एमी एडमन्सन यांनी १९९६ साली रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांविषयी लिहिले. उत्तम चालणाऱ्या गटांतच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या! त्याचा उलगडा असा की, तेथे चूक सांगायला कोणी भीत नव्हते. जी चूक सांगितली जाते ती सुधारता येते. लपवलेली मात्र वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली, कामावरच्या वरिष्ठांना मानसिक आरोग्याचे शिक्षण द्यावे, अशी शिफारस केली आहे.

हे शिक्षण अवघड नाही. चारचौघांत कोणाला शिवी देऊ नये. काही बिघडले तर 'कोणी केले' याआधी 'काय झाले' हे विचारावे. एखादा गप्प गप्प राहू लागला, जेवेनासा झाला, तर बाजूला बसवून त्याचे ऐकावे. उपदेश करू नये. गरज वाटल्यास १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक जोडून द्यावा. बाईला आपले दुखणे बाईजवळ सांगता यावे, म्हणून टोळीतील एका जाणत्या स्त्रीलाही हेच शिक्षण द्यावे.

परंतु आम्ही संघटनेची माणसे एक गोष्ट बजावून सांगतो. मुकादम गोड बोलू लागला आणि खाड्याचा दंड तसाच राहिला, तर शिक्षण वाया गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली एकत्र केले, ते आठवड्याच्या सुटीसाठी. ती १८९० साली मिळाली. विश्रांती हा तेव्हा हक्क ठरला, कोणाची मेहेरबानी राहिली नाही. आजाराच्या दिवशी फडावर न जाण्याचा हक्कही तसाच करारात लिहून घेतला पाहिजे. मुकादमाच्या शिक्षणाचा पहिला धडा तोच असावा.