नानकटाईची गोलाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी जवळ आली किंवा मुलांना मे महिन्याची सुटी लागली, की नानकटाईची आठवण होते. रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून जवळच्या बेकरीत न्यायचे, तिथल्या पत्र्यांवर घरच्या सगळ्यांनी मिळून गोळे वळून ठेवायचे आणि भट्टीतून निघालेली नानकटाई डबे भरभरून घरी आणायची, ही पद्धत आपल्याकडे अनेक गावांत वर्षानुवर्षे चालत आली. आता पुष्कळ घरांत विजेचा छोटा ओव्हन आला आहे. ज्यांच्याकडे तो नाही, त्या जाड कढईत मीठ किंवा वाळू तापवून त्यावर नानकटाई भाजतात. भट्टी घरी आली आणि तिच्याबरोबर एक तक्रारही आली. चव छान जमली, पण आकार काही जमला नाही! एक पसरली, दुसरी फुगून तडकली, तिसरी लांबट झाली. मग घरातली सुगरणसुद्धा म्हणते, ‘माझ्या हाताला ते वळणच नाही.’

हा समज आज थोडा दूर करू या. नानकटाई गोल होण्यात हाताच्या कसबाचा वाटा आहे, पण तो आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी लहान आहे. मोठा वाटा मापाचा आणि तापमानाचा आहे, आणि या दोन्ही गोष्टी कुणालाही सांभाळता येतात.

शिवाय हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. एकाच ट्रेमध्ये पातळ नानकटाईची कड करपते, तेव्हा शेजारची जाड नानकटाई आतून कच्ची असते. मग ओव्हन बंद करायचा तरी कधी? घरी खायची असेल तर करपलेली बाजूला काढता येते. पण बचत गटातली जी बाई सणाच्या दिवसांत पाकिटे भरून विकते, तिच्या तुपाचे आणि विजेचे पैसे त्या करपलेल्या ट्रेबरोबर जातात.

गोळा तापतो तेव्हा

आधी ओव्हनमध्ये काय घडते ते पाहू. तूप साधारण तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळू लागते. ओव्हन असतो १६०-१७० अंशांवर. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांतच गोळ्यातले तूप पातळ होते, पीठ सैल पडते आणि गोळा स्वतःच्या वजनाने खाली बसून बाजूंना पसरू लागतो. त्याच वेळी कडेचा ओलावा उडत असतो. कड सुकून घट्ट झाली, की पसरणे थांबते. पसरणे आणि घट्ट होणे यांची ही शर्यत चारी बाजूंना सारखी झाली तर नानकटाई गोल होते. एका बाजूला पीठ पातळ असेल, भेग असेल किंवा आच जास्त असेल, तर त्या बाजूची शर्यत वेगळी होते आणि गोलाई बिघडते.

डोळा फसतो

पहिली गोष्ट म्हणजे सगळे गोळे सारख्या वजनाचे हवेत. आपण म्हणतो, अंदाजाने केले तरी चालतात. पण गोळ्याच्या बाबतीत डोळा फार फसतो. एक गोळा तीन सेंटिमीटर रुंद आहे आणि दुसरा तीन सेंटिमीटर तीन मिलिमीटर. शेजारी ठेवले तरी फरक पटकन कळायचा नाही. पण गोळा रुंदीत वाढतो, तेव्हा लांबीत आणि उंचीतही तेवढाच वाढतो. म्हणून रुंदी फक्त दहा टक्के वाढली, तरी वजन सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते! तो गोळा शेजाऱ्याबरोबर भाजून निघणार कसा?

सोपे माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. मैदा, बेसन आणि रवा मिळून २५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम आणि थिजलेले तूप १२५ ग्रॅम घेतले, की ५०० ग्रॅम पीठ होते. २० ग्रॅमचा एक गोळा धरला तर बरोबर २५ नानकटाया. स्वयंपाकघरातला छोटा काटा असेल तर उत्तमच. नसेल तर पिठाचे दोन सारखे भाग करावेत, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन, असे पाच वेळा केले की ३२ लहान गोळे होतात. दोन भाग समोरासमोर ठेवून त्यांची तुलना करणे डोळ्याला जमते. आधीचा गोळा आठवून त्याच्याएवढा नवा करणे जमत नाही. आणखी एक उपाय म्हणजे पिठाची सारख्या जाडीची लांब वळकटी करून पट्टीने मोजून तिचे तुकडे करणे.

वळणे आणि दाबणे

बेसनाचा लाडू वळताना आपण आधी मुठीत घट्ट दाबतो आणि मग हलक्या हाताने गोल फिरवतो. इथेही तसेच करावे. वरवर गोल दिसणाऱ्या गोळ्यात बारीक भेग राहिली, तर चपटा करताना ती कडेला उघडते आणि ओव्हनमध्ये आणखी रुंदावते. पीठ फारच भुरभुरीत वाटले तर पाणी घालू नये. पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा जातो. चमचाभर तूप घालावे, हलके एकत्र करून पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे आणि मग वळावे.

गोळा तळहाताने दाबला की हटकून एका बाजूला जास्त दाबला जातो. त्यापेक्षा सपाट बुडाची वाटी घ्यावी, गोळ्यावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा आणि वाटी सरळ खाली दाबावी. उंची साधारण सव्वा सेंटिमीटर राहिली म्हणजे पुरे. चारोळी किंवा पिस्त्याचा काप लावायचा असेल तर तो आधी ठेवून मगच दाबावा. नंतर बोटाने खुपसला तर पीठ एका बाजूला सरकते. वर सुरीने अधिक चिन्हाची खूण करायची असेल तर ती वरवरची असावी. खोल गेली तर नानकटाई चार पाकळ्यांसारखी उघडते.

खायचा सोडा एवढ्या पिठाला पाव चमचा पुरतो. तो मैद्याबरोबर दोनदा चाळून घ्यावा. जास्त झाला, तर नानकटाई पसरते आणि तडकते. नीट मिसळला नाही, तर एखादीच फुगते आणि तिच्यावर तपकिरी डाग पडतात. तूप-साखर फेसतानाही दोन्ही एकजीव होऊन रंग फिका झाला की थांबावे. फार फेसून हवा भरली तरी पसरणे वाढते.

पीठ गार, ओव्हन गरम

आता तापमानाकडे वळू. पुण्या-मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये आणि विदर्भातल्या मे महिन्यात तूप सारखे राहत नाही. उन्हाळ्यात ते ओट्यावरच पातळ होते. अशा वेळी वळलेले गोळे ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत. तूप पुन्हा थिजते, आणि ओव्हनमध्ये ते वितळेपर्यंत कड सुकायला थोडा जास्त वेळ मिळतो. ओव्हन मात्र आधीच दहा-पंधरा मिनिटे तापवलेला असावा. थंड ओव्हनमध्ये ट्रे ठेवला तर तूप सावकाश वितळते, कड घट्ट व्हायला उशीर लागतो आणि नानकटाईची पोळी होते.

दुसरा घाणा पहिल्याच गरम ट्रेवर लावण्याचा मोह टाळावा. गोळ्यांचे बूड तिथेच सुटू लागते. ट्रेला वेगळा तुपाचा हात देण्याचीही गरज नाही, पिठात तूप भरपूर असते. बटर पेपर घातला की झाले. दोन गोळ्यांत तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवावे. एकमेकींना चिकटल्या की कडा सरळ होतात आणि तिथे आचही कमी लागते.

बेकरीच्या भट्टीच्या जाड विटा उष्णता धरून ठेवतात आणि ती सगळीकडून देतात. तरीही भट्टीवाले पत्रे अधूनमधून फिरवतातच. घरच्या ओव्हनमध्ये तापणाऱ्या सळ्या मोजक्याच असतात आणि एखादा कोपरा नेहमीच जास्त तापतो. तो ओळखायला ट्रेवर ब्रेडच्या चकत्या पसरून भाजून पाहाव्यात. जिथली चकती आधी लाल होते, तो आपला तापट कोपरा! नानकटाई दहा-अकरा मिनिटांनी जरा घट्ट झाली, की ट्रे पटकन फिरवून पुन्हा आत ठेवावा. त्याआधी दार उघडू नये. एकूण अठरा ते वीस मिनिटे लागतात. बाहेर काढल्यावर ती मऊच वाटते, म्हणून ट्रेवरच दहा मिनिटे निवू द्यावी.

अंडे-लोणी घातलेली मऊ कुकी असेल, तर ओव्हनमधून काढल्याबरोबर तिच्यावर मोठी वाटी पालथी घालून हलकेच गोल फिरवली की वाकडी कड सरळ होते. नानकटाईला हा उपाय लागू पडत नाही, ती गरम असताना चुरते. तिची गोलाई ओव्हनमध्ये जाण्याआधीच ठरवावी लागते.

लाटून वाटीने कापलेल्या बिस्किटांचे दुखणे निराळे. एकाच दिशेने लाटलेले पीठ पुरीसारखे त्याच दिशेने आखडते आणि गोल बिस्किट लांबट होते. म्हणून लाटताना पोळी पुन्हा पुन्हा पाव वळसा फिरवावी, थोडा वेळ विसावू द्यावी आणि मग कापावी. बिस्किट उचलण्याऐवजी आजूबाजूचे पीठ काढून घ्यावे, म्हणजे आकार ओढला जात नाही.

शेवटी एक सूचना विकणाऱ्यांसाठी. भाजताना ओलावा उडतो, त्यामुळे २० ग्रॅमचा गोळा भाजल्यावर २० ग्रॅम राहत नाही. पाकिटातल्या नानकटाया नुसत्या मोजून चालत नाही, निवल्यावर वजन करूनच पाकीट बंद करावे. आणि प्रत्येक नव्या पिठाच्या आधी दोनच नानकटाया भाजून पाहाव्यात. पसरल्या तर उरलेले पीठ गार करता येते, तडकल्या तर चमचाभर तूप घालता येते. सगळा ट्रे आत गेल्यावर काही करता येत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्या बहिणींनी मोठा ओव्हन घेण्याच्या आधी एक चांगला काटा घ्यावा. हाताला वळण आपोआप येईल.