चष्म्यावरच्या दोन पट्ट्या

फुलसावंगीसारख्या गावातला एखादा शेतकरी पक्षाघातातून उठतो, हातपाय पुन्हा चालू लागतात, घरच्यांच्या जिवात जीव येतो. मग त्याचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटू लागतो. कापूस वेचताना उजव्या अंगाची बोंडं झाडावरच राहतात. ‘उजवा डोळा गेला’ असं घरी ठरतं. कुणी मोतीबिंदूचं नाव घेतं.

डोळे बहुधा दोन्ही शाबूत असतात. बिघाड असतो डोक्यात मागच्या बाजूला, मेंदूच्या दृष्टिकेंद्रात. तिथे डाव्या बाजूला इजा झाली की दोन्ही डोळ्यांचं उजवं अर्धं दृश्य जातं. एकेक डोळा झाकून बाजूला धरलेली बोटं मोजायला लावली, तरी अंदाज येतो. नक्की काय ते दवाखान्यातली ‘फील्ड टेस्ट’ सांगते. (असं अचानक झालं तर चष्म्याचं दुकान नव्हे, थेट रुग्णालय गाठायचं.)

गेलेल्या बाजूला काळोख दिसत असेल, हीसुद्धा आपली कल्पनाच. आपल्याला पाठीमागचं काळं थोडंच दिसतं? ते दिसतच नाही. तसंच हे. म्हणून कित्येकांना आपलं काही हरवलंय याचा पत्ताच नसतो.

अशांसाठी प्रिझम बसवलेला चष्मा असतो. त्याने नजर परत येते, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. प्रिझम म्हणजे शाळेतल्या पुस्तकातला लोलक. तो प्रतिमा फक्त सरकवतो. १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे १ मीटर अंतरावर १ सेंटिमीटर. बोस्टनच्या शेपेन्स संस्थेतले एली पेली यांनी २००० साली मांडलेल्या रचनेत अंध बाजूच्याच काचेवर ४० डायॉप्टरच्या दोन पट्ट्या बसतात, एक वर, एक खाली. मधली जागा मोकळी. अंध बाजूचं सुमारे २० अंशांतलं दृश्य त्यामुळे दिसत्या बाजूला येतं. एवढ्या ताकदीची साधी काच जाडजूड झाली असती. पातळ खाचांची फ्रेनेल पट्टी ती अडचण सोडवते. दीपगृहाच्या भिंगातलीच ही युक्ती.

पट्टीतून टक लावून बघायचं, असं मात्र नाही. तिथे फक्त चाहूल लागते: काहीतरी हललं, मोटारसायकल आली. मग मान वळवून मोकळ्या मधल्या काचेतून खरं बघायचं. सुरुवातीला माणूस पट्टीत दिसलेल्या तांब्याला हात घालतो आणि हात भलतीकडेच जातो. सराव इथेच लागतो.

सगळ्यांनाच हा चष्मा मानवत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६१ जणांनी खरं आणि नाममात्र प्रिझम आळीपाळीने वापरलं. खरं पुढे चालू ठेवू म्हणणारे ६४ टक्के, नाममात्र प्रिझमला हो म्हणणारे ३६ टक्के. शिवाय पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत काहींची नजर आपोआप थोडी सुधारते, तेव्हा घाईने खर्च करण्यात अर्थ नाही. काचबिंदूने नजर चहूबाजूंनी आक्रसली असेल, तर प्रकरणच वेगळं.

आणि कापसाच्या हंगामात खाचांत धूळ बसते. धोतराच्या सोग्याने कोरडी पुसली तर पट्टीवर ओरखडे उठतात. ती पाण्यानेच धुवावी.