विश्लेषण : लडाखच्या वाटेवर पेट्रोलचा जादा कॅन, दुचाकीचा तोल कसा बदलतो?

जून ते सप्टेंबरदरम्यान पुण्या-मुंबईहून लडाखला निघालेल्या दुचाकींवर एक वस्तू हमखास दिसते : पाच-दहा लिटर पेट्रोलचा कॅन. तो नेमका कुठे बांधला आहे, यावर गाडी घाटात कशी वागणार हे बरेचसे ठरते.

मुळात जादा पेट्रोल लागते का?

मनाली-लेह मार्गावरील तांदीच्या पंपावरचा ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ हा फलक प्रसिद्ध आहे. १५ लिटरची टाकी असलेल्या ‘हिमालयन ४११’ने लिटरला ३० किलोमीटर दिले, तर हे अंतर साडेबारा लिटरच्या आत संपते. पण मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना बॅगा आणि तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला चढ असेल तर हा हिशेब कोलमडतो. टाकी १३ लिटरची असेल तर हाताशी फारसे काही उरत नाही. त्यामुळे पाच लिटर जवळ असणे शहाणपणाचे. वीस लिटर वाहून नेणे मात्र बहुतेकदा धास्तीपोटी असते.

वजन तर किरकोळ, मग फरक का?

एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचे. दहा लिटर, कॅन आणि पट्टे धरून वजन दहा किलोच्या आतच राहते. सुमारे २०० किलोच्या गाडीला ते जड नाही. खरा प्रश्न जागेचा आहे.

हिमालयनच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर जवळपास दीड मीटर आहे. मागच्या आसाच्याही ३० सेंटीमीटर मागे, कॅरिअरच्या टोकाला, दहा किलो बांधले तर मागच्या चाकावर १२ किलो वाढतात आणि पुढच्या चाकावरचे दोन किलो कमी होतात. बागेतल्या सी-सॉचाच हा प्रकार. त्याच जागी तंबू आणि बॅग धरून ३० किलो झाले, की पुढचे चाक सहा किलोंनी हलके होते. गाडीला दिशा देणारे आणि ब्रेक लावल्यावर सर्वाधिक भार घेणारे चाक हेच. चढावर वजन आणखी मागे सरकते. हँडल हलके लागते, खडीवर पुढचे चाक भरकटते आणि सपाटीवर वेग वाढला की गाडी झुलू लागते.

म्हणून कॅनची योग्य जागा दोन चाकांच्या मधे आणि शक्य तितकी खाली. हिमालयनच्या टाकीशेजारच्या पुढच्या रॅकवर कॅन बसवतात, ते यासाठीच.

एकाच बाजूला बांधला तर?

धावत्या गाडीत फरक वाटतो त्याहून कमी पडतो. पाच लिटरचा कॅन मधल्या रेषेपासून ३५ सेंटीमीटरवर असेल तर चालकाला गाडी जेमतेम अर्धा अंश विरुद्ध बाजूला कलती ठेवावी लागते. अडचण येते ती वेग संपल्यावर. नाल्यात दगडावर चाक अडून गाडी कॅनच्या बाजूला झुकली, की ती पायावर पेलणे कठीण जाते. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचे पाणी किंवा हत्यारे ठेवली की काम भागते.

कॅन कधी रिकामा करावा?

इथे अनेक जण उलटे वागतात. जादा पेट्रोल ‘अडचणीसाठी’ म्हणून शेवटपर्यंत राखून ठेवतात. चालकाच्या पुढ्यातली टाकी रिकामी होत जाते तसे गाडीवरचे अकरा किलो घटतात आणि त्यातला चांगला वाटा पुढच्या चाकावरचा असतो. मागचा कॅन तेव्हाही भरलेलाच! तोल सर्वांत बिघडलेला असतो तो नेमका याच वेळी. त्यापेक्षा टाकीत पाच लिटरची जागा झाली की लगेच ओतावे. पेट्रोल तेवढेच राहते, जागा मात्र सुधारते. अर्धवट भरलेल्या कॅनमधले हिंदकळणेही त्यामुळे टळते.

आणखी काय पाहावे?

मागच्या शॉकअॅब्सॉर्बरची स्प्रिंग वजनाप्रमाणे घट्ट करावी आणि टायरमधली हवा गाडीच्या माहितीपुस्तिकेनुसार ठेवावी. कॅन काठोकाठ भरू नये. तापमान २० अंशांनी वाढले तर पाच लिटर पेट्रोल सुमारे १०० मिलिलिटर फुगते. शिवाय लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, तर टांगलांग ला खिंडीत जवळपास निम्माच असतो. त्यामुळे झाकण उघडताना गाडी बंद व थंड असावी आणि ते हळूहळू सैल करावे. शीतपेयाच्या बाटल्यांत पेट्रोल नेऊच नये. पंपावर कॅन भरताना तो गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.