फॉर्मसाठी शीट उघडी टाकायची गरज नाही

“वेबसाइटवरचा ‘संपर्क करा’ फॉर्म गूगल शीटला जोडायचा, तर शीट ‘एनीवन विथ द लिंक’ करून एडिटचा हक्क द्यावाच लागतो. नाहीतर माहिती आत जाणार कशी?” हे क्लासवाले विचारतात, होमस्टेवाले विचारतात. पैसे घेऊन वेबसाइट करून देणारे काही जण तर विचारतही नाहीत, शीट उघडी करून मोकळे होतात.

नाही द्यावा लागत. देवळातल्या दानपेटीत पैसे टाकायला भाविकाकडे पेटीची किल्ली असावी लागते का?

फॉर्म भरणारा माणूस शीटपर्यंत पोचतच नाही. त्याने ‘पाठवा’ दाबलं की नाव, फोन, निरोप हे सगळं ॲप्स स्क्रिप्टच्या एका पत्त्यावर जातं आणि शीटमध्ये ओळ लिहिते ती स्क्रिप्ट. ही स्क्रिप्ट ‘वेब ॲप’ म्हणून चालू करताना गूगल दोन गोष्टी विचारतं. ‘एक्झिक्यूट ॲज’, म्हणजे कुणाच्या हक्काने चालवू? इथे ‘मी’ निवडा. आणि ‘हू हॅज ॲक्सेस’, म्हणजे स्क्रिप्टला हाक कोण मारू शकेल? इथे ‘एनीवन’. सगळा घोळ होतो तो इथेच. हे ‘एनीवन’ स्क्रिप्टपुरतं असतं. लोक तेच नेऊन शीटलाही लावतात. किंवा पहिल्या प्रश्नाला ‘वेब ॲप उघडणारा यूझर’ निवडतात. मग भेट देणाऱ्याकडे लॉगिन आणि शीटचा हक्क दोन्ही मागितलं जातं, फॉर्म अडकतो, आणि उपाय म्हणून शीट उघडी केली जाते. चूक एका ठिकाणी, इलाज भलतीकडेच.

स्क्रिप्टऐवजी शीट्स एपीआय वापरत असाल तरी तेच. नुसत्या एपीआय कीने उघड्या शीटमध्येसुद्धा लिहिता येत नाही. फक्त वाचता येतं. म्हणजे शीट उघडी करून फॉर्मचं काही भलं होत नाही, वाचणाऱ्यांची मात्र सोय होते! लिहायला सर्व्हिस अकाउंट घ्या, फक्त त्याच्या ईमेलला एडिटर करा आणि त्याची की सर्व्हरवरच ठेवा. पानाच्या कोडमध्ये टाकलेली की कुणीही वाचू शकतो.

“पण लिंक माहीत कुणाला आहे?” हा पुढचा युक्तिवाद. जुलै 2018 मध्ये यांडेक्स या रशियन सर्च इंजिनवर लोकांच्या गूगल डॉक्स फायली दिसू लागल्या होत्या. लॉगिनशिवाय उघडतात तेवढ्याच फायली आम्ही दाखवतो, असं यांडेक्सने सांगितलं. कुणी काही फोडलं नव्हतं. शिवाय लिंक व्हॉट्सॲपवर एकदा पाठवली की ती पुढे कुठवर जाते, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको.

त्या शीटमध्ये पालकांचे नंबर असतात, पाहुण्यांचे पत्ते असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान क्लासला कुणी एवढा दंड ठोकणार नाही, हे कबूल. पण म्हणून पालकांचे नंबर चव्हाट्यावर मांडायचे?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘धन्यवाद’ दिसलं म्हणजे नोंद झाली, असं नाही: ‘नो-कॉर्स’ पद्धतीने पाठवलं असेल तर पानाला उत्तर वाचताच येत नाही, ते आंधळेपणानेच आभार मानतं. फोन नंबर जसाच्या तसा उतरतो, हेही खोटं. शीट त्याला आकडा समजते आणि पुण्याच्या 020 मधलं पहिलं शून्य गळतं. निरोपाच्या रकान्यात नुसता मजकूरच येतो असंही नाही, कारण बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा निरोप शीट सूत्र म्हणून चालवते. या दोन्हींवर इलाज एकच: स्क्रिप्टमध्ये प्रत्येक उत्तराआधी एक ॲपॉस्ट्रॉफी जोडा. आणि शीट कधी भरत नाही, हाही भ्रम. मर्यादा 1 कोटी सेलची आहे आणि कोरे सेलही त्यात मोजले जातात.

आता एक करा. शीटमधलं ‘शेअर’ दाबा, ‘रिस्ट्रिक्टेड’ करा. इनकॉग्निटो विंडोत शीटची लिंक टाका: गूगलने लॉगिन मागितलं पाहिजे. त्याच विंडोत वेबसाइटवरचा फॉर्म भरा: शीटमध्ये नवी ओळ आली पाहिजे. आली नाही, तर शीट पुन्हा उघडू नका. ‘एक्झिक्यूट ॲज’ तपासा.